उष्टी पानं

बेइपूच्या उतारावर जूनमध्ये तुडतुडे येतात,
तांदळाच्या कणीएवढे, फिक्के हिरवे,
आणि कुणीही फवारणी करत नाही.
मला वाटलं, विसरलेत.
मी तौफेनच्या मोटारसायकल गॅरेजमधून आलेला,
चहा म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातली गार बाटली
एवढंच जाणणारा.

"खाऊ दे त्यांना," फांग सिन-मोई म्हणाल्या,
"चावलं की पान चिडतं.
चिडलं की अंगातून मध काढतं.
न चावलेलं पान घेऊन मी काय करू?
त्याला काही झालेलंच नाही."

म्हणून आम्ही उष्टी पानं खुडली,
वाकडी, पिवळसर, कडेला करपल्यासारखी.
एक कळी, दोन पानं. एक कळी, दोन पानं.
दिवस मावळला तेव्हा माझ्या टोपलीत जेमतेम दीड किलो
आणि शेजारच्या म्हातारीच्या डोळ्यांत हसू.

तू विचारशील, ऊलोंगचं झाड कसं असतं?
मीही विचारलं होतं.
झाड तेच. हिरव्या चहाचं तेच, काळ्याचंही तेच.
हिरव्याला लगेच कढईत टाकतात, काही घडायच्या आत.
काळ्याला पुरतं घडू देतात.
याला मध्येच कुठेतरी थांबवायचं,
आणि ते कुठेतरी म्हणजे कुठे
हे भिंतीवरच्या घड्याळाला ठाऊक नाही.

उन्हं उतरल्यावर पानं आत आणली, बांबूच्या सुपांत.
रात्रभर हलवायची,
पाखडल्यासारखी, पण उडवायची नाहीत.
कडेला कड घासली पाहिजे, देठ मोडता कामा नये.
मग ठेवून द्यायची. मुरू द्यायची.
तासा-दीड तासाने पुन्हा.
पहिल्या खेपेला मी सूप असं हिसडलं
की त्या म्हणाल्या, "इंजिन चालू होत नाहीये का?"

दोनच्या सुमाराला जवळ बोलावलं.
"वास घे. कसला?"
मला वाटलं, परीक्षा.
ओला टॉवेल, म्हणालो.
"बरं. झोपू नकोस."

साडेतीनला काकडी. नुकती चिरलेली.
पावणेपाचला शब्दच सापडेना,
छान येतोय, म्हणालो.

"छान म्हणजे काय ते सांग!
तीन वर्षांपूर्वीच्या तापात माझं नाक गेलं.
हाताला कळतं मला. कानालाही,
सुकत आलेलं पान वेगळं वाजतं.
शेवटचं मात्र नाकालाच कळतं.
आधी हे सांगायचे. गेल्या थंडीत तेही..."
उरलेलं वाक्य त्यांनी सुपाबरोबर फळीवर ठेवलं.

मी पानांत तोंड खुपसलं.
कडा लाल झालेल्या, मध्ये अजून हिरवं.
डोळे मिटले.
गॅरेजच्या मागे एक पेरू होता,
फळं कुणी काढायचं नाही,
पिकून पडायची पत्र्यावर,
आणि दुपारी पत्रा तापला की
ग्रीसच्या वासातूनही वाट काढत यायचा तो.

"पेरू," म्हणालो. "पडलेला.
माश्या बसायच्या आधीचा."

त्या अनवाणीच धावल्या.
"कढई! जाळ वाढव!"

पुढचं सगळं घाईत झालं.
कढईत पानं चरचरली, मग ओल्या फडक्यात गुंडाळून निजवली,
मग वळली, मग वाळवली.
टोपलीभर पानांची उरली
दोन्ही ओंजळींत मावतील एवढी,
पांढरी, तपकिरी, गंजल्यासारखी, रंगांचा मेळ नाही.

आता तू आलीस, तर बस.
उकळी बसू दे पाण्याची, घाई नको.
झाकणाच्या वाटीत चिमूटभर पानं.
पहिला कप बहुतेक तुला पाणचट लागेल.
दूध-साखर विचारू नकोस, त्या ओरडतील.
दुसऱ्याला पान उलगडतं.
तिसऱ्याला मी काही सांगत नाही,
मी कोण सांगणारा,
अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस.

त्या दिवशी तिसरा कप त्यांनी दोन्ही हातांत धरला,
वाफेत चेहरा नेला, सवयीने,
थोडा वेळ तसाच ठेवला.
"माश्या बसल्या का?"
नाही, म्हणालो.
मग प्यायल्या.